बाभळीपासून एकतीस पावलं

आमच्या सासरी झालेला खून मीच शोधून काढला, पुरावा मीच गोळा केला आणि शिक्षाही मीच भोगली. मेलं कोण, एवढं कळायला मात्र मला थोडा उशीर झाला.

ही हकिकत बहात्तरच्या दुष्काळातली. मिरजगावच्या शाळेत मी सातवीला मराठी शिकवत होते. आमचे ‘हे’ (नाव घ्यायचा प्रश्नच नाही, अजूनही घेत नाही) त्याच शाळेत गणित शिकवायचे. गावापासून मैलभर आमची वस्ती. घरात सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आणि माझा धाकटा दीर बापू, लग्नाचा. वस्तीमागे कागदी लिंबाची बाग. ती झाडं आबांनी स्वतःच्या हाताने लावलेली. त्या वर्षी जुनी विहीर तळाला गेली, मग तळही वाळला. आबा लांबून कावडीने पाणी आणून एकेका झाडाच्या बुडाशी एकेक तांब्या ओतत आणि झाडाशी बोलत. काय बोलत ते कुणी ऐकायला जात नसे. पावसाळ्यापर्यंत बाग टिकणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

आणि अशा वेळी घरातली शिकलेली सून काय करत होती? रहस्यकथा वाचत होती.

व्यसनच होतं ते. माझं माहेर श्रीरामपूरचं. तिथल्या स्टेशनाजवळच्या वाचनालयातून माझा भाऊ पुस्तक आणायचा आणि ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचा. नगरला ते दुसऱ्या कंडक्टरकडे जायचं आणि मग मिरजगावच्या स्टँडवर उतरायचं. वाटेत दोघांनीही ते वाचलेलं असायचं. (एकाने तर एकदा पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती! त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.) पुस्तकात एक बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची तरुणी असायची. तिला कुणीतरी कोंडून ठेवायचं. तिच्यावर जीव टाकणारा तरुण असायचा, आणि नेमका त्याच्यावरच आपल्याला संशय यावा अशी तजवीज असायची. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी किंकाळी. ती कुणाची, हे कळण्यासाठी पुढचं प्रकरण काढावंच लागायचं, आणि चुलीवरची भाकरी करपायची.

शिक्षिकेने असली पुस्तकं वाचलेली बरी दिसत नाहीत. म्हणून मी प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालायची आणि वर माझ्या वळणदार अक्षरात लिहायची : ‘मराठी व्याकरण, इयत्ता सातवी’. आबांना सही करण्यापुरतं अक्षर येत होतं, पण विद्येचा त्यांना फार अभिमान. पारावर ते सांगत, “आमच्या सूनबाईनं एका वर्सात चौदा व्याकरनं वाचली. एवढं व्याकरन नगरातबी कुनी वाचलं नसंल.” ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी पंधरावं व्याकरण मी मागवलंच.

या चौदा व्याकरणांतून मी एकच नियम शिकले होते. ज्याच्यावर कुणालाच संशय येत नाही, तोच खुनी.

एका शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले. ‘हे’ पेपर तपासायला नगरला गेले होते, बुधवारी यायचे होते. मी धान्याच्या खोलीत कणगीमागे बसून पंधरावं व्याकरण उघडलं. बारीक अंगाच्या तरुणीच्या पाठीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडे पडवीत दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं. एक आवाज आबांचा, एक बापूचा, आणि तिसरा अनोळखी, घोगरा.

“जिती हाय का पन?” आबांनी विचारलं.

“जिती हाय,” अनोळखी माणूस म्हणाला. “बारीक हाय, पन जिती हाय.”

मी पुस्तकात बोट घातलं आणि कान भिंतीला लावला.

“हाय कुठंशी?” बापूने विचारलं.

“बाभळीच्या पल्याड, बांधाच्या अंगाला. खाली दबून पडलीया. वर समदा खडक हाय.”

“मोकळी हुईल का?”

“पाच पुरुस लागत्याल. एखांदा जास्तीच.”

पाच पुरुष! एका बारीक बाईला! माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. ते मी हळूच उचललं. मग घोगरा आवाज आणखी खाली आला.

“खून आजच उरकाया पायजे. दिवस मावळायच्या आत. एकदा खून केली की मी हितं थांबायचा न्हाई. फुडं लई गावं पडल्यात.”

(खून केली! सातवीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी लाल पेन्सिलीने ‘केला’ करून अर्धा गुण कापला असता. पण आमच्याकडे बोलताना लोक लिंगाकडे फारसं लक्ष देत नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली आणि पुढचं ऐकू लागले.)

“दगडूतात्याला कळता कामा न्हाई,” आबा म्हणाले. दगडूतात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांचं रान बांधाला लागूनच होतं. “त्याला कळलं तर त्यो आमच्या आदी हात घालील.”

“आन वैनीला?” बापू.

“त्यास्नीबी नगं. साळंत चार बायांत बसत्यात. भाईर फुटंल.”

आणि मग आत्याबाईंचा आवाज आला. मला पाटीभर भाकऱ्या थापायला शिकवणाऱ्या, माझ्या तापात डोक्याशी बसलेल्या माझ्या आत्याबाई म्हणाल्या, “मी खन आन हिरव्या बांगड्या काढून ठिवल्यात. बाईमानूसच ती. तिची वटी भरल्याबिगर कसं चालंल?”

ओटी भरून मारणार होते!

मी कणगीला टेकून बसले. दुसरी एखादी सून उठून पडवीत गेली असती आणि विचारती झाली असती, ‘आबा, कुणाचं काय चाललंय?’ पण चौदा व्याकरणांत एकाही शहाण्या मुलीने असं केलं नव्हतं. ज्या विचारायला गेल्या त्या पुढच्या प्रकरणात दिसल्या नव्हत्या.

मी विचार करू लागले, आणि पाच मिनिटांत सगळं जुळलं. बापू हल्ली दर बाजाराला केस चापूनचोपून जायचा. म्हणजे तिथं ही बारीक मुलगी. घरात पसंत नसणार. म्हणजे खडकात कुठंतरी कपारीत दडवलेली. आबांवर संशय यायला तर मला काही कारणच लागलं नाही. मुंगी मारायची वेळ आली तर ते वाट बदलून जात. इतक्या चांगल्या माणसावर कुणाला संशय येईल? म्हणजे तेच!

त्या संध्याकाळी आबा, बापू आणि आत्याबाई रानातून परतले. आबांचे हात चुन्याने पांढरे झालेले. अनोळखी माणूस दिसला नाही. आबांनी हात धुतले, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे दुसरी भाकरी मागितली.

“सूनबाई, आज लई बरं वाटतंय बघा,” ते म्हणाले. “गुरवारी समदं मोकळं हुईल.”

इतक्या थंड डोक्याचा माणूस मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी फक्त स्वतःच्या हाताने रांधलेलं खायचं ठरवलं. (घरात सगळं मीच रांधत होते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.)

रविवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी वही, पेन्सिल आणि मोठा रुमाल घेऊन रानात गेले. पाय लटपटत होते. खोटं कशाला सांगू, मला त्या मुलीची भीती वाटत नव्हती, तिच्यासाठी वाटत होती. ती जिवंत असेल, कुठंतरी कण्हत असेल, आणि या जगात तिला वाचवणारी मी एकटीच, असं मला मनापासून वाटत होतं.

बाभूळ एकच होती. तिच्यापासून मी बांधाच्या दिशेने पावलं मोजत निघाले. पुस्तकातले गुप्तहेर अंतर नेहमी मोजतात. एकतिसाव्या पावलावर मी थांबले.

जमिनीवर चुन्याचं गोल रिंगण होतं. मधोमध एक दगड, त्यावर लालभडक डाग. शेजारी हिरव्या बांगड्या आणि खणाचा तुकडा!

मी हळू आवाजात “बाई, अहो बाई!” अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. उशीर झाला होता.

मग मी पुढचं काम केलं, आणि ते अतिशय नीटपणे केलं. दगड रुमालात बांधला. बांगड्या आणि खण पदरात घेतला. वहीत लिहिलं : ‘बाभळीपासून पूर्वेस, बांधाच्या अंगाने एकतीस पावलं.’ आणि खुनी गुन्ह्याच्या जागी परत येतोच, त्याला माझ्या पायाचे ठसे दिसू नयेत, म्हणून एक बाभळीची वाळलेली फांदी घेऊन मी ती सगळी जागा मागे मागे सरकत झाडून काढली. रिंगणसुद्धा पुसलं गेलं. सहा महिने पाऊस नसलेल्या रानात मातीशी माती एक झाली. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून घरातही कधी झालं नव्हतं. पुरावा मी माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवला.

‘हे’ बुधवारी शेवटच्या गाडीने आले आणि जेवून झोपले. सकाळी सांगू म्हटलं. पण गुरुवारी दिवस उगवायच्या आत वस्तीवर सात-आठ माणसं जमली. खांद्यावर टिकाव, खोरी, पहारी. आबांनी डोक्याला धुतलेला पटका बांधलेला, हातात नारळ. सगळे रानाकडे गेले. मी मोजून पाहिलं. पाचाहून जास्त होते.

अर्ध्या तासात आबा एकटे परत आले. नारळ तसाच हातात. पडवीच्या पायरीवर बसले आणि पटका काढून मांडीवर ठेवला.

“काय झालं?” आत्याबाईंनी विचारलं.

“खून न्हाई,” आबा म्हणाले. “समदं रान पालथं घातलं. खून गेली.”

“आवं पन जाईल कुठं?”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. आबांना रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. तेवढ्यात मागून बापू आला. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली.

“खून दगडूतात्यानंच चोरली,” तो ओरडला. “रातचं यिऊन उपटून न्हेली. आज त्याचं टकुरंच फोडतो!”

खून चोरली.

मी दारात उभी होते. सातवीला मराठी शिकवणारी मी. खून चोरता येत नाही. खून उपटता येत नाही. आणि काही झालं तरी, खून ‘चोरली’ जात नाही! खून, पुल्लिंगी : तो खून, खून केला. खूण, स्त्रीलिंगी : ती खूण, खूण केली. आणि आमच्याकडे ‘ण’ म्हणायची पद्धत नाही. पाण्याला पानी म्हणतात, कोणाला कोन म्हणतात, आणि खुणेला...

माझ्या डोळ्यांपुढे ट्रंक आली.

बापू अंगण ओलांडून निघाला होता. तो त्या रागात बांधापलीकडे गेला असता, तर आमच्या घरी पुल्लिंगी खून व्हायला वेळ लागला नसता. मी धावत जाऊन त्याच्या आडवी झाले.

“भावजी, थांबा! तात्यांनी नेली नाही. मी नेली!”

ट्रंक पडवीत आणली. शालू बाजूला केला. रुमाल सोडला. शेंदराचा टिळा लावलेला दगड, हिरव्या बांगड्या आणि खण आबांच्या पुढ्यात ठेवला. एव्हाना ‘हे’ही जागे होऊन बाहेर आले होते.

आबांनी दगड उचलून पाहिला. “सूनबाई, ही तुमच्याकडं कशी?”

“पुरावा म्हणून आणली.”

“कशाचा?”

“खुनाचा.”

“खुनेचा पुरावा म्हंजी काय? खूनच तर हाय ती!”

मग सगळं उलगडलं. तो घोगरा माणूस म्हणजे पाणाड्या, जमिनीतलं पाणी दाखवणारा. त्या साली आठ-आठ दिवस वाट पाहिल्याशिवाय तो मिळत नसे. खाली पाण्याची झीर आहे. बारीक आहे, पण जिवंत आहे. पाच पुरुष म्हणजे एकावर एक पाच माणसं उभी राहतील एवढी खोली. विहिरीची खोली अशीच सांगतात, हे मला सोडून साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. ओटी होती ती पाण्यातल्या आसरांची, म्हणजे जलदेवतांची. तात्यांना कळलं असतं तर त्यांनी बांधापलीकडे आधी विहीर खणून तीच झीर ओढली असती. आणि झीर लाजाळू असते, फोडायच्या आधी पाण्याचं नाव काढलं तर बाजूला सरकते, असा पाणाड्याचा नियम होता. म्हणून तिला सगळे ‘ती’ म्हणत होते.

“त्याला परत बोलवू,” मी म्हणाले.

“त्यो फुडं कडा गावाला गेला. आन एका रानात दोनदा खून करीत न्हाई त्यो,” आबा म्हणाले.

‘ह्यां’नी एव्हाना ट्रंकेतलं पंधरावं व्याकरण उचललं होतं. गणिताचा माणूस, उत्तर बरोबर नसेल तर रीत तपासतो. त्यांनी मधलंच पान उघडून मोठ्याने वाचलं, “‘हलू नकोस!’ तो तिच्या कानाशी कुजबुजला. ‘तुझ्या पाठीला पिस्तूल टेकलंय!’”

पडवीत कुणी हललं नाही.

“हे व्याकरन हाय?” आबांनी विचारलं.

मी मान खाली घातली. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “चौदा सांगितली मी लोकास्नी.” ते वाक्य मला अजून विसरता आलेलं नाही.

आत्याबाईंनी मधेच विचारलं, “फुडं काय झालं तिचं?”

“आई!” ‘हे’ ओरडले.

तेव्हा मला वही आठवली. मी धावत जाऊन ती आणली. “मी पावलं मोजलीत! बाभळीपासून एकतीस!”

सगळे परत रानात गेलो. सात-आठ माणसांची आता पंधरा-वीस झाली होती. गडबड ऐकून दगडूतात्याही बांधावर येऊन बसले होते. मी पदर खोचला आणि भराभरा निघाले. चूक सुधारायची होती, घाई होती. एकतिसावं पाऊल बांध ओलांडून तात्यांच्या रानात पडलं.

“या, या!” तात्या म्हणाले. “आमच्या रानात खून निघाली!”

बापूने पुन्हा पहार उचलली. ‘ह्यां’नी मला थांबवलं. “त्या दिवशी तू अशीच चालली होतीस?”

“नाही. त्या दिवशी मी घाबरलेली होते.”

“म्हणजे पाऊल निम्मं.”

“निम्मं नाही. पाऊणही नाही. ते... घाबरल्यासारखं होतं.”

“मग तसंच चाल.”

आता पंधरा-वीस लोकांसमोर, भर सकाळी, हुकमावरून घाबरायचं कसं? मी प्रयत्न केला. एकदा एकतीस पावलांत अठरा हात चालले, एकदा चोवीस. कुणी म्हणालं, बाईंना साप आठवा म्हणावं. कुणी म्हणालं, शाळातपासणीचा साहेब आठवा. मी सगळं आठवून पाहिलं. दर वेळी पाऊल वेगळीकडेच. आबा बाभळीखाली उभे राहून माझ्या पायांकडे बघत होते. मी सहाव्यांदा बाभळीशी जाऊन उभी राहिले. मला रडू येत होतं. बाग माझ्यामुळे जाणार होती. ती शंभर झाडं, त्यांच्याशी बोलणारा हा माणूस, आणि मी कव्हरं घालत बसले होते.

इतक्यात माझ्या पाठीला काहीतरी टोकदार टेकलं आणि कानाशी कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, “हालू नगंस! पाठीला पिस्तूल हाय!”

मी जी किंकाळी फोडली, तशी एकाही प्रकरणाच्या शेवटी ऐकली नव्हती. पाय आपोआप चालू लागले. लटपटत, फरपटत, अगदी त्या रविवारसारखे. मागून आत्याबाई हातातलं लाटणं माझ्या पाठीला टेकवून येत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या. “येक... दोन... हालू नगंस, चाल!... तीन...” एकतीसवर मी मटकन खाली बसले.

आबा आले. त्यांनी दगड माझ्या शेजारी ठेवला.

“हितंच हुती,” ते म्हणाले आणि नारळ फोडला.

ती खरोखर तीच जागा होती का, हे कुणालाच माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं. पण त्यांनी पहिला टिकाव मारल्यावर कुणी काही विचारलं नाही. आठ घरची माणसं सावडीने खणायला येत, एक दिवस याच्याकडे, एक दिवस त्याच्याकडे. दगडूतात्याही आले. माझी शिक्षा मीच ठरवली होती : शाळा सुटली की मुरमाच्या पाट्या वाहायच्या. दोन पुरुष झाले, माती संपली. तीन झाले, खडक लागला. सुरुंग लावले. चार झाले. बागेतली कडेची झाडं वाळली. पाच झाले आणि तळ कोरडा ठणठणीत. त्या दिवशी कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि न बघणंच जास्त लागलं.

सहाव्या पुरुषाला एका दुपारी बापू खालून ओरडला. मी पाटी टाकून काठाला गेले. खडकाच्या फटीतून पाण्याची एक झीर बाहेर येत होती. पेन्सिलीएवढी. पण थांबत नव्हती.

आबांनी विहिरीत उतरून पहिला तांब्या भरून वर पाठवला. आत्याबाईंना वाटलं देवासाठी, मला वाटलं बागेसाठी. आबा खालून म्हणाले, “सूनबाईला द्या.” आणि मग वर माझ्याकडे बघून हसले. “घ्या. सापडली तुमची बाई. बारीक हाय, पन जिती हाय.”

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गढूळ होतं, दाताखाली मुरूम येत होता. मी सगळं प्यायले, कारण तांब्या खाली केला असता तर मला रडताना सगळ्यांनी पाहिलं असतं. कडेच्या दोन रांगांतली झाडं गेली. बाकीची बाग राहिली.

पावसाळ्यानंतर तो पाणाड्या परत फिरत आला. विहीर बघून खूष झाला, बाभळीपाशी गेला, डोळे मिटून इकडेतिकडे फिरला आणि मान हलवत म्हणाला, “आबा, ही माजी खून न्हवं. माजी हुती तिकडं, धा-बारा पावलं फुडं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “ही आमच्या सूनबाईची हाय.”

ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. पुढे कितीतरी दिवस लोक वस्तीवर यायचे आणि आबांना विनवायचे, “बाईंना आमच्या रानात एकदा भिववा की!” आत्याबाई लाटणं घेऊन तयारच असायच्या. मी कुणाकडे गेले नाही.

पुस्तकांची कव्हरं मी काढून टाकली. त्यानंतर दर दुपारी आत्याबाई भांडी बाजूला सारून माझ्यासमोर बसत. “वाच,” म्हणत. “कालची किंकाळी कुनाची ते सांग आदी.” आबा पडवीत पाठ करून सुतळी वळत बसत, आपण ऐकत नाही, असं दाखवत. पारावर मात्र अजून व्याकरणच सांगत. आकडा वीसच्या वर गेला होता.

विहिरीला लोकांनी नाव पाडलं, खुनेची विहीर. ‘खुणेची’ म्हणा, असं मी शंभरदा सांगून पाहिलं; ‘ण’ कुणाच्याच जिभेवर चढला नाही. परवा शाळेत नगरकडचे एक नवे शिक्षक आले. वस्तीवरून येताना त्यांनी ते नाव ऐकलं असावं. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना त्यांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली आणि दबक्या आवाजात विचारलं, “बाई, त्या विहिरीवर नक्की खून कुणाचा झाला हो?”

“व्याकरणाचा,” मी म्हणाले. “आणि खुनी अजून मोकळी आहे. आत्ता घंटा झाली की तिला सातवीवर लिंगविचार शिकवायला जायचंय.”